दुधाच्या दातांचा महिना

पिल्लू आमच्या घरी आलं तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. माझ्याबरोबर वॉर्डात काम करणाऱ्या एका सिस्टरचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला निघाला होता आणि आईलाही सहा महिने सोबत नेणार होता. त्यांच्या घरी अल्सेशियन कुत्री, तिला पाच पिल्लं. कुत्री सिस्टरच्या भावाकडे जाणार होती, पिल्लं वाटून टाकायची होती. "तू एक घे गं," ती म्हणाली. मी हो म्हटलं. घरी कुणाला विचारलं नाही. ड्यूटी संपल्यावर पिशवीत टॉवेल घातला, टॉवेलात पिल्लू ठेवलं आणि रिक्षा करून आले.

तेव्हा आम्ही तारनाक्याला राहत होतो. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे शहाबादी फरशीचं अंगण. वरच्या मजल्यावर घरमालकीण. शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण, एकट्या राहणाऱ्या आणि कडक. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची. मूळचे आम्ही नांदेडचे. मी नर्सिंग करून रेल्वेच्या दवाखान्यात लागले, लग्नानंतर नवरा माझ्यामागे हैदराबादला आला आणि कुकटपल्लीच्या एका कारखान्यात लेथवर लागला. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. पिल्लाला नाव ठेवायचं म्हणून आठवडाभर वाद झाला, मुलीची चार नावं, नवऱ्याची दोन. वाद मिटलाच नाही, मग पिल्लू हेच नाव पडलं.

मला स्वतःवर भरवसा होता. बारा वर्षं मी लहान मुलांच्या वॉर्डात काढली होती. सलाइन लावताना लाथा मारणारी, इंजेक्शनची सुई दिसली की मनगटाला कडकडून चावणारी, रात्रभर रडून सगळा वॉर्ड जागा ठेवणारी, कितीतरी मुलं मी शांत केली होती. दीड वितीचं कुत्रं ते काय!

आठ दिवसांत माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल रेघा उठल्या. पिल्लाचे दुधाचे दात कसे असतात हे ज्याने अंगावर घेतलंय त्यालाच कळेल. सुईसारखे. चालताना पोटरीला लोंबकळायचं, चपलेत पाय घालायच्या आत अंगठा धरायचं. स्वयंपाक करताना साडीचा काठ तोंडात धरून मागे ओढायचं आणि मी ओरडले की त्याला आणखी जोर चढायचा. दिवाणाची पट्टी, टेलिफोनची वायर, मुलीचं भूगोलाचं पुस्तक, सगळ्यावर त्याचे दात उमटले. बुद्धपौर्णिमेला विहारात नेसायची माझी पांढरी साडी दोरीवर वाळत होती, तिच्या पदराला त्याने ओळीने अकरा भोकं पाडली. संध्याकाळी सहा-सात वाजले की त्याच्या अंगात यायचं. व्हरांड्यातून अंगणात, अंगणातून व्हरांड्यात, शेपूट पोटाखाली घेऊन गरगर धावायचं आणि वाटेत जो पाय येईल त्याला चावायचं.

"वर्तमानपत्राची सुरळी कर आणि नाकावर एक दे," नवरा म्हणाला. त्याने दिलीही. पिल्लाने सुरळी पकडली, फाडली आणि मग त्याच्या अंगठ्याकडे वळलं. नवरा खो खो हसला.

मग एका रविवारी ते मुलीला चावलं. ती दिवाणाजवळ जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. ब्रश त्याला हवा होता, तिने हात वर केला, त्याने उडी मारून तळहाताची कड धरली आणि सोडेचना. मी येईपर्यंत रक्त आलं होतं. मी हात नळाखाली धरला, पंधरा मिनिटं साबणाने धुतला. ती हमसून हमसून रडत होती आणि मी घड्याळ बघत होते, एक मिनिटही कमी होऊ दिलं नाही. नंतर डॉक्टरांकडे नेलं. पिल्लाच्या आईला लशी दिलेल्या होत्या, पण पिल्लू अजून लशीच्या वयाचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कोर्स घेऊन टाकू. दंडातली पाच इंजेक्शनं. पूर्वीसारखी पोटात चौदा नव्हती, एवढंच समाधान. मी दुसऱ्यांच्या मुलांना हजारो इंजेक्शनं दिली होती. त्या दिवशी मात्र तिचा दंड दुसऱ्या सिस्टरच्या हातात दिला आणि मी खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले.

त्या दिवसापासून मुलगी जमिनीवर पाय ठेवेना. पिल्लू मोकळं असलं की ती दिवाणावर. अभ्यास दिवाणावर, जेवण दिवाणावर, टीव्ही तिथूनच. पाणी प्यायचं असलं तरी "मम्मी, पिल्लू को पकडो ना," असं ओरडायची. तिचं मराठी असंच होतं, निम्मं हैदराबादचं.

आणि त्याच आठवड्यात अम्मा खाली आल्या. आमच्या अंगणात त्यांचं कढीपत्त्याचं झाड होतं, त्याची पानं तोडायला. पिल्लाने आधी त्यांची साडी धरली, मग पायाचं बोट. अम्मा "वद्दु! वद्दु!" म्हणत मागे सरकल्या. नको, नको. मी ड्यूटीवरून आले तेव्हा त्या जिन्यात पायाला पट्टी बांधून माझी वाट बघत बसल्या होत्या.

"सिस्टर," त्या शांतपणे म्हणाल्या, "एक महिना देती मैं. उसके बाद या तो ये कुत्ता जाएगा, या आप लोग."

मी त्यांची पट्टी सोडली, जखम पुन्हा धुतली, नवी पट्टी बांधली, त्यांनाही इंजेक्शनं द्यायचं ठरवलं आणि म्हटलं, "महीने के बाद आपीच आके देखो, अम्मा."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. नवरा आत आल्यावर म्हणाला, "अगं, देऊन टाकू कुणाला तरी. पोरगी घाबरलीय, घर जाईल."

"कुणाला देणार? चावरं कुत्रं घेणार कोण?"

पिल्लू नवऱ्याच्या पायजम्याच्या नाडीशी झटत होतं.

पहिलं काम मी केलं ते डॉक्टर गाठायचं. हिमायतनगरला एक जनावरांचे डॉक्टर होते, म्हातारे, हैदराबादी बोलणारे. त्यांनी पिल्लाला टेबलावर घेतलं, तोंड उघडून पाहिलं, स्वतःचं बोट त्याच्या तोंडात देऊन पाहिलं. चावल्यावर त्यांनी "ऊँई!" असा बारीक चिरका आवाज काढला. पिल्लू दचकलं. बोट सोडून मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत राहिलं.

"पाँच हफ्ते में माँ से अलग किए?" त्यांनी विचारलं.

"हौ."

"भाई-बहनों में रहता तो सीख जाता. जोर से काटा तो दूसरा चिल्लाता, खेल बंद. उसे मालूमच नहीं कि काटने से दुखता. अब आपीच उसके भाई-बहन हैं, सिस्टर."

एवढं एक वाक्य घेऊन मी परत आले. मला ते पटलं. वॉर्डात आम्ही मुलाला कधी वाईट म्हणत नसू. त्याला काय होतंय ते आधी बघत असू. घरी मात्र मी आठ दिवस नुसती ओरडत होते आणि ते ओरडणं त्याला खेळ वाटत होतं.

वॉर्डात ताप उतरत नसला तर आम्ही तक्ता ठेवतो. किती वाजता, किती ताप, त्याआधी काय दिलं. मी मुलीला एक जुनी वही दिली.

"तू दिवाणावर बसूनच असतेस ना? मग हे लिही. पिल्लू कधी चावलं, कुणाला चावलं आणि त्याआधी काय चाललं होतं."

"इंग्लिश में लिखूँ?"

"मराठीत."

तिच्या शाळेत मराठी नव्हतं. अक्षरं मी रविवारी शिकवायची तेवढीच. तिने तोंड वाकडं केलं, पण वही घेतली. हातात काम आलं तशी ती जरा सावरून बसली.

मी माझ्यापरीने सुरुवात केली. पिल्लू चावलं की "ऊँई" करायचं, हात सैल सोडायचा, उठायचं आणि पाठ फिरवून खांबासारखं उभं राहायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही. अर्धं मिनिट. मग पुन्हा खेळ. पहिल्या दिवशी मी बहुतेक चाळीस वेळा ओरडले असेन. वरून अम्मांनी खिडकी उघडून विचारलं, "सिस्टर, क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं अम्मा, इलाज चालू है." त्यांनी खिडकी लावून घेतली.

चार दिवसांनी मी वही वाचायला घेतली. ऱ्हस्व-दीर्घाचं सोडा, कर्ता-कर्माचाही पत्ता नव्हता, पण सगळं स्पष्ट होतं. "४ वाजता. मम्मी दार खोलली. मम्मीला चावला." "६ वाजता. झोपला नाय. सगळेला चावला." आणि मग रोज एकच नोंद, चारही दिवस: "७ वाजता. पपा आला. पपा हात देला. पिलू चावला. पपा हसला. मग मम्मीला चावला."

मी ती पानं दोनदा वाचली. मग माझं मलाच नवल वाटलं, हे डोळ्यांसमोर असून मला दिसलं कसं नाही. नवरा कामावरून आला की व्हरांड्यात बसायचा, चपला काढायचा आणि हात पुढे करायचा. पंजाने पिल्लाला पालथं पाडायचं, त्याने मनगट धरायचं, याने गुरगुरायचं. अर्धा तास. दिवसभर मी शिकवायची ते संध्याकाळी सात वाजता धुऊन निघायचं.

जेवणं झाल्यावर मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने वाचली. लेकीचं अक्षर बघून आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्यामुळे होतंय?"

"सगळं नाही. पण हात म्हणजे खेळणं हे तुम्हीच त्याला शिकवलंय."

"मग मी खेळायचंच नाही का?" तो एकदम चिडून म्हणाला. "दिवसभर तिथे मान वर करायला मिळत नाही. नवीन मशीन आलंय, बटणं दाबायची. आमच्या चौघांचं काम ते एकटं करतं. कोण राहणार, कोण जाणार, कॅन्टीनमध्ये दुसरं बोलणं नाही. घरी येऊन अर्धा तास हसतो, तेही तुला नको."

तो कारखान्याबद्दल एवढं कधी बोलला नव्हता. त्या वर्षांत बाहेरच्या कंपन्या आल्या, नवी मशीनं आली, आमच्याकडेही रंगीत टीव्ही आला, त्यावर दहा चॅनेल आली. त्याचा आनंदच जास्त होता घरात. नवऱ्याच्या मनात काय चाललंय हे मला त्या कुत्र्याच्या वहीमुळे कळलं.

दिवाणावरून मुलगी म्हणाली, "पपा, हात नक्को देना. कुछ और दो."

तो उठला, माळ्यावरून जुन्या खाटेची नवार काढली, तिच्या तीन पट्ट्या कापल्या आणि जमिनीवर बसून घट्ट वेणी घातली. हाताला कसब होतंच त्याच्या. दोन्ही टोकांना गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. दुसऱ्या दिवसापासून सात वाजता हाताऐवजी वेणी. पिल्लू एका टोकाला, नवरा दुसऱ्या. दात हाताला लागले की खेळ बंद, वेणी खिळ्यावर. "ऊँई" करायला त्याला लाज वाटायची. तो नुसता "संपलं" म्हणायचा आणि उभा राहायचा. पिल्लाला तेही कळायला लागलं.

सहा वाजताच्या दंग्याचा उलगडाही वहीतच होता. झोपला नाय. मी तीनला यायची, मुलगी साडेतीनला, आणि तेव्हापासून त्या जिवाला आम्ही क्षणभर स्वस्थ ठेवत नव्हतो. दिवसभर एकटं होतं म्हणून कीव यायची. पण वॉर्डातलं न झोपलेलं बाळ संध्याकाळी कसं किरकिरतं हे मला माहीत नव्हतं का? टीव्हीचं मोठं खोकं अजून माळ्यावर होतं. ते आडवं करून त्यात गोधडी घातली आणि चार वाजले की पिल्लू खोक्यात. दोन दिवस त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं कुरकुरलं आणि पाय ताणून सहापर्यंत झोपलं. हिरड्या शिवशिवायच्या म्हणून ओला पंचा पिळून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची आणि कडक झाला की त्याला चघळायला द्यायची. सकाळी ड्यूटीआधी पुढच्या फाटकापासून मागच्या अंगणापर्यंत चेंडूमागे पळवायची, ते धापा टाकेपर्यंत.

सगळं सरळ झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा वॉर्डात वाईट दिवस गेला होता, एक मूल हातचं गेलं होतं. मी घरी आले, दार उघडलं आणि त्याने झेप घेऊन माझ्या पोटरीचा लचका धरला. मी त्याला लाथ मारली. जोरात नाही, पण लाथच. ते भिंतीशी जाऊन बसलं आणि तिथूनच शेपूट हलवायला लागलं. मी दारातच बसले. बऱ्याच वेळाने ते आलं आणि माझा हात चाटला. मला रडू आलं ते त्या मुलासाठी की यासाठी, सांगता येणार नाही. वहीत त्या दिवसाची नोंद मी स्वतः लिहिली: "३ वाजता. मम्मीने मारलं." मुलीने ती वाचली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेचे बूट घालून दिवाणावरून उतरली. घरात, फरशीवर, पायात काळे बूट, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. पिल्लू धावत आलं. ती खांबासारखी उभी राहिली, हात काखेत, डोळे गच्च मिटलेले. त्याने बुटाची लेस ओढली, वास घेतला आणि काहीच होईना म्हणून बसलं. तिने एक डोळा उघडला.

"मम्मी, बैठा वो!"

"मग दे ना पंचा."

तिने दोन बोटांत धरून पंचा पुढे केला. त्याने घेतला. चार दिवस ती बूट घालून फिरली. पाचव्या दिवशी विसरली.

अम्मा बरोबर तिसाव्या दिवशी आल्या, आणि त्याही संध्याकाळी सहाला. हेडमास्तरीणच त्या, परीक्षा कधी घ्यायची हे त्यांना कळत होतं. पिल्लू नुकतंच झोपून उठलं होतं. त्यांना बघताच धावलं आणि मला जे नको होतं तेच झालं. त्याने त्यांचा पदर तोंडात धरला. मी पुढे होणार तोच मुलगी मध्ये आली. ओरडली नाही. खिळ्यावरची वेणी काढून त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "वद्दु." त्याने पदर सोडला, वेणी घेतली.

अम्मांनी पदर उजेडात धरून इंचाइंचाने तपासला. भोक नव्हतं. मग खाली वाकून, मला वाटलं होतं त्यापेक्षा धिटाईने, त्यांनी आपलं बोट पिल्लापुढे केलं. त्याने वेणी टाकून ते तोंडात घेतलं, जरा चघळलं, सोडलं.

"दाँत लगे?" मी विचारलं.

"लगे. गडे नहीं." लागले, रुतले नाहीत. त्या उठल्या. मुलीकडे वळून तेलुगूत विचारलं, याला कुणी शिकवलं? मुलगी तेलुगूतच म्हणाली, "मी. आणि थोडं मम्मी-पपांनी."

"कढीपत्ते को जाली लगा लो," अम्मा मला म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. घराचा विषय पुन्हा निघाला नाही.

साडेचार महिन्यांचं झाल्यावर त्याचे दुधाचे दात पडले. एक मला गोधडीत सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. तोपर्यंत माझ्या हातावरच्या रेघा मावळल्या होत्या. नवऱ्याचा कारखाना काही वर्षं चालला. तो त्या मशीनची बटणं दाबायला शिकला आणि पुढे नव्या पोरांना शिकवायलाही लागला. पिल्लू वाढून केवढं तरी झालं, उभं राहिलं की माझ्या कमरेला लागायचं, आणि तरी आम्ही त्याला पिल्लूच म्हणायचो.

ते तीन वर्षांचं असताना माझी धाकटी नणंद नांदेडहून दहा महिन्यांचं बाळ घेऊन राहायला आली. ती कुत्र्याला भीत होती. मी सांगितलं, काही करणार नाही ते. दुपारी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. बाळ बिस्किट हातात घेऊन रांगत रांगत गेलं आणि कुणाला कळायच्या आत त्याने बिस्किटासकट अख्खी मूठ पिल्लाच्या तोंडात घातली. नणंद किंचाळली. मी जागची हलले नाही असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी कोथिंबीर उधळून धावले. पिल्लू जबडा उघडा ठेवून, श्वासही न घेता, तसंच बसून होतं. बाळाने आपली मूठ सावकाश बाहेर काढली, लाळेने भिजलेलं बिस्किट निरखून पाहिलं आणि स्वतःच्या तोंडात घातलं.